ढाल नाही, नकाशा नाही

चौबे कॉलोनी, रायपूर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. यशदीप,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ट्रेनिंगमध्ये फोन जमा करून घेतात म्हणून का होईना, तू लिहायला लागलास. अक्षर अजून वाईट आहे.

आई-बाबा बरे आहेत. तुझा जुना व्हिडिओ गेम बाबांनी ताब्यात घेतला आहे. जाण्याआधी तू त्यांना ती सात दिव्यांच्या किल्ल्याची कॅसेट शिकवलीस आणि ढाल घ्यायची नाही, नकाशा उघडायचा नाही, अशी अट घालून गेलास. आता त्यांनी स्वतःचे दोन नियम वाढवले आहेत. गेममधल्या सरदाराने उजव्या भिंतीला धरूनच चालायचं, आणि आईने सांगितल्याशिवाय कुठल्याही दारातून जायचं नाही. आई शेजारी बसून, डावीकडे भूत आहे, वरचं दार निळं आहे, असं मोठ्याने सांगते. बाबा तेच शब्द परत म्हणतात आणि मग बटण दाबतात. रेल्वे इंजिनावर असिस्टंट सिग्नलचा रंग सांगायचा आणि बाबा तो परत म्हणायचे, तीच पद्धत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी सुटत नाही. मी कामावरून येते तेव्हा आपल्या बैठकीत मालगाडी धावत असते. बाबा ढालीशिवाय चौथ्या दिव्यापर्यंत पोचले आहेत.

मी तीन संध्याकाळ मोजणी केली. सरदाराला पन्नास वेळा मार बसला, त्यातले चव्वेचाळीस डावीकडून. रिमोटचं डावं बटण दबत नसेल, म्हणून तो उघडून आतलं रबर बदललं. पुढच्या पन्नासात त्रेचाळीस. म्हणजे दोष सापडलेला नाही. कारखान्यात मापयंत्रं मीच तपासते, त्यामुळे हे जरा लागलं.

वेळेवर जेवत जा. लोभ आहे, तसाच ठेव.

तुझी,
रुचिता


२६ ऑक्टोबर २०२५

ती. दीदीस,
यशदीपचा सविनय जय भीम.

तुझं पत्र मी सगळ्या बॅरेकले वाचून दाखवलं. बाबा ढालीशिवाय चौथ्या दिव्यापर्यंत पोचले, हे ऐकून बाजूच्या पलंगावरचा लोकेश उठूनच बसला. त्याले लहानपणी ढाल घेऊनही दुसरा दिवा भेटला नव्हता. आता तो मले रोज विचारते, आज अंकल कुठवर गेले म्हणून.

रिमोटात काही नाही, दीदी. तुलेच उघडाउघडी करायची सवय आहे. मिक्सर उघडला होता, त्याचा एक स्क्रू अजून आईच्या मसाल्याच्या डब्यात आहे.

बाबाले माझ्याकडून अजून एक नियम सांग. आईनं बोलायचं नाही. बायको रस्ता सांगून राहिली तर त्यात काय मर्दुमकी? आई घरी नसन तवा खेळवून पाह्य आन टाइम लिहून पाठव. इथं सारे वाट पाहून राहिले.

आईचे लाडू पोचले. रागावशील तर रागाव, पण माया कमी करू नको.

तुझा,
यश


चौबे कॉलोनी, रायपूर
९ नोव्हेंबर २०२५

चि. यशदीप,
सप्रेम जय भीम वि. वि.

हे पत्र बॅरेकमध्ये वाचून दाखवू नकोस.

बाबांना काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला आहे. उजव्याने नळीतून पाहावं तसं फक्त मधलं दिसतं.

क्रमाने सांगते. मंगळवारी आई विहारात गेली होती, तेव्हा मी तुझा नियम लावला. बाबा नाही म्हणाले, मी आग्रह केला. सरदार पहिल्याच खोलीत उभा राहिला. डावीकडून भूत येऊन मारत होतं आणि बाबा तिकडे वळतही नव्हते. अकरा मिनिटांत सगळे जीव गेले. त्यांनी डोकं दुखतं म्हणून रिमोट खाली ठेवला. मी खरं मानलं. तुला पाठवायला वेळ वहीत लिहून ठेवली.

बुधवारी सकाळी मी आमापारा चौकात सिग्नलला थांबले होते. पुढे आपली स्कूटर होती. बाबा चालवत होते. आई मागे, हात त्यांच्या डाव्या खांद्यावर, तोंड कानाशी. मी जवळ गेले. आई सांगत होती की लाल आहे, थांबा, डावीकडून ऑटो येतोय, आता हिरवा झाला. बाबांनी हिरवा म्हटलं आणि गाडी पुढे काढली.

मागचे हॉर्न वाजवत होते. मला माझी गाडी हलवता येईना. किती वेळ, ते मोजलं नाही.

आईने सगळं कबूल केलं. एप्रिलपासून ती अशीच मागे बसते. गेम हा त्या दोघांचा सराव होता. भूत म्हणजे ऑटो, दार म्हणजे चौक. तू घातलेल्या अटींच्या आड त्यांना छान लपता आलं.

काल समता कॉलोनीत दवाखान्यात नेलं. बाबांनी समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. मग मशीनसमोर बसवलं. कडेला ठिपका दिसला की बटण दाबायचं. मशीन एकामागून एक ठिपके दाखवत होतं आणि बाबा हात तयार ठेवून शांत बसले होते. हे यंत्र शेवटचं कधी तपासलं, असं मी विचारलं. तिथल्या माणसाने मागच्या महिन्याच्या तपासणीची चिठ्ठी दाखवली.

गेलेली नजर येणार नाही. राहिलेली थेंबांनी टिकेल. गाडी आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले. बाबांना ते मान्य नाही. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. आज मी फाटकात आडवी उभी राहिले, तर म्हणाले की मी काटे तपासावेत, माणसं तपासू नयेत.

त्या चौकात ते दोघं मरतील, यश. तू त्यांना लिही. तुझं ऐकतात.

रुचिता


१५ नोव्हेंबर २०२५

ती. दीदीस,
जय भीम.

पत्र वाचलं आन निघायचा दिवस आठवला. मले स्टेशनवर सोडाले बाबाच आले होते. मी मागे बसलो होतो. सिग्नल हिरवा असून ते थांबूनच राहिले. मी हसलो, म्हटलं बाबा, गार्डानं झेंडी दाखवायची आहे काय. तेही हसले. मले काहीच समजलं नाही, दीदी. तिथून ते एकटे घरी गेले.

बाबाले वेगळं पत्र सोबत आहे. तूच वाचून दाखव. नाही ऐकलं तर चाकातली हवा सोड.

मी इथून येऊ शकत नाही. तू तिथं आहेस, एवढाच आधार.

यश


चौबे कॉलोनी, रायपूर
२३ नोव्हेंबर २०२५

चि. यशदीप,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी घडी करून ते खिशात किल्लीजवळ ठेवलं. तू चांगलं लिहायला लागलास, एवढंच म्हणाले. मग मला समजावू लागले की एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही आणि या सात महिन्यांत स्कूटरवरही नाही, कारण आई सांगते ते चुकत नाही.

आई मेथी निवडत होती. मान वर न करता तिने सांगितलं की एकदा चुकलं.

दोन ऑक्टोबरला, विहारातून परतताना. तिने शेजारच्या रांगेचा दिवा पाहिला आणि हिरवा सांगितला. बाबांनी हिरवा म्हटलं आणि गाडी काढली. मागून ट्रक गेला, तिचा पदर त्याला घासला. बाबांना कळलं नाही आणि तिने कळू दिलं नाही. कळलं असतं तर हा माणूस घरात बसून संपला असता, असं तिचं म्हणणं.

बाबांनी चौक कोणता ते विचारलं. मग वेळ विचारली. मग रंग विचारला, दोनदा. आई दोन्ही वेळा लाल म्हणाली.

मग बाबा म्हणाले की यात सांगणाऱ्याचा दोष नसतो, ज्याचा हात ब्रेकवर त्याचा असतो. खिशातून किल्ली काढली. मी हात पुढे केला होता, पण तो त्यांना दिसला नाही. त्यांनी चाचपडत आईचं ताट शोधलं आणि निवडलेल्या मेथीवर किल्ली ठेवली.

थेंब मी दोन वेळा घालते आहे. सुट्टी मिळाली की ये. तोवर आम्हा तिघांवर जीव असू दे.

तुझी,
रुचिता