भोरड्या दाणा सोडतात तेव्हा

९ जानेवारी, गुरुवार

आज पोहोचलो. कारंज्याहून एसटीने मंगरूळपीर, तिथून शेतमालक रामकिसनभाऊंच्या मोटारसायकलवर तांड्यापर्यंत. जिनिंगमध्ये रुईच्या धुळीने खोकला धरला होता. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेतलं काम बघ. इथे हवेशिवाय दुसरं काहीच नाही. फार बरं वाटतं आहे.

काम ज्वारीच्या राखणीचं. या भागात सगळे सोयाबीन आणि हरभरा घेतात, ज्वारी एकट्या भाऊंची. त्यामुळे सगळ्या शिवारातली पाखरं हिच्यावरच उतरतात, त्यातही भोरड्या जास्त. डोकं काळं, अंग गुलाबी. थव्याने येतात आणि क्षणभरही गप्प बसत नाहीत. शेताच्या मधोमध बल्ल्यांवर माळा बांधला आहे. त्यावर बसून गोफण फिरवायची, डबा बडवायचा आणि दिवसभर ओरडायचं.

माळ्यावरून तांडा दिसतो. त्याच्या टोकाला, शेताला लागूनच, पत्र्याची शेड आहे. तिच्या पाटीवर ‘प्रार्थणा भवन’ लिहिलं आहे. तांड्यातली दहा-बारा घरं येशूला मानतात आणि भाऊ दर रविवारी तिथे प्रार्थना घेतात. माझ्या घरचे कोणत्याच देवाचे फारसे नव्हते. संध्याकाळी भीत भीत भाऊंना सांगितलं, पाटीवर ‘ण’ चुकला आहे. ते हसले आणि म्हणाले, रंग आणून देतो, तूच दुरुस्त कर.

१२ जानेवारी, रविवार

पाखरं रविवार पाळत नाहीत, म्हणून मी माळ्यावरच होतो. शेडमधलं गाणं इथपर्यंत ऐकू येतं. दुपारी सपनावहिनी भाकर घेऊन आल्या. त्या भाऊंच्या सून. नवरा ऊसतोडीला गेलेला, बाळ कडेवर. खालूनच म्हणाल्या, “काय जी राखणदार, तुमच्या आवाजानं पाखरं पळून राह्यली का झोपून राह्यली?” त्या गेल्यावर मला उत्तर सुचलं.

जेवताना भाऊंनी आजचं वचन मला सांगितलं, माझ्याच धंद्याचं आहे म्हणून. यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याला देवाने राखणदार नेमलं होतं. अरिष्ट येताना दिसलं आणि त्याने लोकांना सावध केलं, तर तो सुटला, मग लोक ऐकोत न ऐकोत. पण दिसूनही गप्प राहिला, तर मरणाऱ्याच्या रक्ताचा हिशेब त्याच्या हातून घेतला जाईल. भाऊ सहज बोलून गेले. अरिष्ट दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं, हे विचारायचं राहिलं.

१६ जानेवारी, गुरुवार

भाऊंची आई हिरीबाई दिवसभर ओट्यावर बसून राखेने हात धुते. बोटांची साल निघाली आहे. वहिनी म्हणाल्या, म्हातारपण आहे, लक्ष देऊ नका. पूर्वी याच माळ्यावर ती राखण करायची. आज मला जवळ बोलावून विचारलं, पाखरांनी दाणा सोडला का. म्हटलं, कुठलं सोडतात, चांगलं पोट भरून खातात. ती म्हणाली, खाऊ दे, खातात तोवर बरं आहे.

पाटी दुरुस्त केली. सरळ आली आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

आजचं नीट लिहून ठेवतो.

दुपारी भोरड्यांचा मोठा थवा आला. मी गोफण उचलली, पण त्या ज्वारीवर उतरल्याच नाहीत. वरून निघून गेल्या आणि लालसिंगच्या शेताच्या तारेवर ओळीने बसल्या. एकीचाही आवाज नाही. सगळ्यांच्या चोची लालसिंगच्या घराकडे. लालसिंग म्हणजे शेजारचा शेतकरी. रानडुकरांसाठी तो रात्री तारेत करंट सोडतो.

त्या कुठून आल्या ते बघायला मान वर केली. सूर्य डोक्यावर होता. त्याच्यात कोणीतरी उभं होतं. सूर्यासमोर नाही. सूर्यात. डोळे मिटले तरी तो आकार पापण्यांच्या आत होता.

संध्याकाळी लालसिंग तंबाखू मागायला आला. त्याला सांगावं असं वाटलं. पण काय सांगायचं? तुझ्या तारेवर पाखरं बसली होती? मी नवा माणूस, तो हसला असता. तंबाखू दिली. त्याने ती चोळली, बैलाच्या किमतीबद्दल काहीतरी बोलला आणि गेला.

२२ जानेवारी, बुधवार

लालसिंग गेला. स्वतःच्याच तारेला चिकटला. सकाळी बटण बंद केलं असं त्याला वाटलं असावं.

भाऊ खूप रडले. म्हणाले, तार काढ, तार काढ, म्हणून दोन वर्षं मागे लागलो होतो. दोन वर्षांपूर्वी त्याच तारेला लागून एक मेंढपाळ मेला होता. लालसिंगने ते प्रकरण मिटवलं होतं.

मला काल दुपारीच माहीत होतं.

२५ जानेवारी, शनिवार

हाताला वास येतो. लोखंडाचा, ओला. गोफणीची दोरी बदलली. साबणाने धुतले, मग राखेने धुतले. भाकरीलाही तोच वास लागतो.

मी ओट्यावर हात धुताना हिरीबाई बघत होती. तिने माझं मनगट धरलं आणि हुंगलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. तिचा नवरा भाऊसिंग, म्हणजे भाऊंचे वडील, दारू गाळायचा. त्या दारूने तांड्यातल्या दोघांचे डोळे गेले, तरी त्याने भट्टी बंद केली नाही. एक दिवस माळ्यावरून तिला दिसलं की भोरड्या दाणा सोडून भट्टीच्या छपरावर गप्प बसल्या आहेत. ती बोलली नाही. बोलली असती तर तांड्याने तिला डाकीण ठरवलं असतं. दुसऱ्या दिवशी भट्टीने पेट घेतला, भाऊसिंग आत होता.

“सांगतलं असतं तरी तो मेलाच असता, बाबू,” ती म्हणाली. “पण हात तरी माहे राह्यले असते.”

२७ जानेवारी, सोमवार

भाऊंना सगळं सांगितलं. वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी बायबल उघडलं. म्हणाले, शेवटच्या दिवसांबद्दल शास्त्रात असंच आहे. सूर्यात उभा असलेला एक दूत आभाळातल्या सगळ्या पाखरांना जेवायला बोलावतो. जेवण कशाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी विचारलं, आता कोणाची पाळी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. नंतर म्हणाले, “न्याय देवाच्या घरापासूनच सुरू होते, नरेंद्र. माह्यावर पाखरं येऊन बसले तरी सांगजो. लाजू नको.”

ते घाबरले आहेत.

३० जानेवारी, गुरुवार

वहिनी आज फार आनंदात. ऊसतोडीची माणसं दोन दिवसांसाठी येणार आहेत. रविवारी शेडमध्ये बाळाला देवाच्या हाती द्यायचं आहे, म्हणजे भाऊ त्याच्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना करणार. मलाही या म्हणाल्या. पण ज्वारी कापणीला आली आहे, तासभर सोडली तरी भोरड्या कणसं रिकामी करतील. मी माळ्यावरूनच बघेन म्हटलं. त्या म्हणाल्या, बाळाचा मामा म्हणून बघा मग.

मला कोणी मामा म्हटलेलं नाही याआधी.

१ फेब्रुवारी, शनिवार

एकही पाखरू नाही. सकाळपासून नाही. चिमणीसुद्धा नाही.

तरी ओरडलो. कामच आहे. ओरडलं नाही तर फार शांत होतं.

वर बघायचं नाही असं ठरवलं आहे. सावलीकडे बघतो. माझ्या सावलीच्या बाजूला —

नाही. लिहीत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

शेड भरली आहे. माणसं आली. वहिनींचा नवरा दिसला, उंच आहे. वहिनींनी बाळाचा हात धरून माळ्याकडे हलवला.

गाणं सुरू झालं. भोरड्या आल्या.

ज्वारीवर नाही. शेडवर. पत्रा दिसेनासा झाला आहे. आवाज नाही. सगळ्यांच्या चोची खाली.

ओरडलो. नावं घेऊन ओरडलो. भाऊ, बाहेर या. वहिनी, बाळाला घेऊन बाहेर या. तांड्यातला दौलतसिंग उशिरा आला होता, दारात होता. त्याने माळ्याकडे बघितलं, हसला, हात केला आणि आत गेला.

तीन आठवडे मी रोज ओरडतो आहे. माझं ओरडणं म्हणजे पाखरं हाकणं. कोण बाहेर येणार.

फोन लावला. बंद. प्रार्थनेत सगळे बंद ठेवतात.

गोफणीने दगड मारला. पत्र्यावर वाजला. एकही हलली नाही. आतल्यांनी टाळ्या वाढवल्या.

आवाज गेला. तोंड उघडतो, नुसती हवा येते.

शिडीवर पाय ठेवला आणि परत वर आलो. खाली जमीन नाही. ओळींमध्ये, शेताच्या धुऱ्यावर, शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर त्याच बसल्या आहेत. माझ्याकडे बघत नाहीत. शेडकडे बघतात.

ऊन फार — सूर्यातल्याने हात वर केला आहे. अजून वरच आहे.

हात हुंगले. वास नाही. काहीच वास नाही. स्वच्छ आहेत. म्हणजे मी सांगितलं ते धरलं गेलं. मी सुटलो.

मी सुटलो आणि ते आत आहेत.

हिरीबाईसुद्धा आत आहे. भाऊ आहेत. ते बाळ —

इथे बसून राहिलो तर मला काही होणार नाही. कळतं आहे मला. नीट कळतं आहे.

गाणं थांबलं.

नको असे हात. उतरतो. पाखरांवर पाय पडला तर पडू दे, दारापर्यंत जायचं, पत्रा ठोकायचा, बाळाला ओढून —

वही इथेच ठेवतो. बाळ रडतं आहे. रडतं आहे म्हणजे अजून