तुझ्या रिदम मशीनमधला माग

प्रिय अक्का,

पद्मा आज सकाळच्या गाडीनं हैदराबादला गेली. डब्यात चढायच्या आधी, मी नको नको म्हणत असताना ती वाकून पाया पडली. म्हणाली, "मामा, आईच्या मशीनसाठी तुम्ही एवढं पळालात. त्या माणसानं घात केला, त्याला तुम्ही काय करणार?" गाडी हलली आणि मी हात हलवत राहिलो. घरी येऊन चहा केला, तो समोर तसाच निवला.

तुझ्या लेकीशी मी खोटं बोललोय. ते तिला सांगायचंय, पण आधी तुला सांगितल्याशिवाय तोंड उघडेल असं वाटत नाही. म्हणून लिहायला बसलो.

साखर पेठेतलं आपलं घर आठवतं का गं तुला? खाली माग, वर आपण. नानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. मला अभ्यासाला बसवून नाना तुला दुकानात न्यायचे, कारण तुझा हात बारीक कामात चालायचा. शेजारणी म्हणायच्या, पोरीला सोल्डर मारायला लावतो, हिच्याशी लग्न कोण करणार? नाना हसायचे आणि तुला पुढचा रेडिओ द्यायचे.

उस्मानभाई त्यांच्या ऑर्केस्ट्राचा सिंथेसायझर घेऊन आले तेही त्याच दुकानात. एका वेळी एकच सूर काढणारा जपानी सिंथेसायझर. पट्ट्या होत्या पियानोसारख्या, पण सनईसारखं सुरावरून सुरावर घसरणं त्याला जमायचं नाही. तू तो उघडलास, आत काहीतरी केलंस, बाजूला एक घुंडी बसवलीस, आणि तो घसरायला लागला. वाजवून दाखवायला म्हणून तू बसलीस आणि उस्मानभाईंनी तुला उठूच दिलं नाही. पुढं किती वरातींत, किती गणपतींत तू त्यांच्या स्टेजवर मागच्या बाजूला बसून वाजवलंस. मी पुढं खुर्चीवर बसायचो आणि ही माझी अक्का आहे हे कुणाला सांगायचो नाही. कॉलेजातली पोरं असायची ना सोबत.

ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा सिंथेसायझर कुणीतरी मुंबईला नेला. ठेका वाजवणारं रिदम मशीन मात्र उस्मानभाईंनी तुला देऊन टाकलं. "बाजी, ये तुम्हारेच हात का है," म्हणाले; बहीण मानून ते तुला बाजीच म्हणायचे. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, वर रंगीत बटणं, रुंबा, वॉल्ट्झ अशी नावं लिहिलेली. आजच्या मशीनसारखे त्यात साठवलेले आवाज नव्हते. आतल्या आत विजेतूनच ढोल, झांज तयार व्हायची. म्हणून आतला एखादा भाग बदलला की आवाजाची जातच बदलायची, हे तूच मला एकदा समजावलं होतंस. मी हो हो केलं होतं.

मग पद्मा झाली. भाऊजींनी साखर पेठेपासून लांब, जुळे सोलापूर वस्तीत फ्लॅट घेतला आणि तुम्ही तिकडं गेलात. नवं घर, मोकळी हवा, आणि पोर काही केल्या झोपेना. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी तुझ्याच लक्षात आलं. पोटात असल्यापासून तिनं जुन्या घराखालचे माग ऐकलेले, आणि इथं सगळं शांत.

तू रिदम मशीन उघडलंस. वेग इतका कमी केलास की कंपनीनं तो कधी मनात आणला नसेल. ढोलाचा ठोका लाकडी केलास. मागावर धोटा सुतातून इकडून तिकडं जाताना येतो तसा सर्र आवाज झांजेतून काढलास. मागच्या पत्र्याला भोकं पाडून खटके बसवलेस. दोन बटणं एकदम दाबायची आणि मागचा खटका खाली करायचा. खटक, सर्र, खटक. पद्मा झोपली. भाऊजी कारखान्यातून आले आणि दारातच थांबले, म्हणाले, "घरी पण माग टाकला की काय?" हे तू सांगायचीस तेव्हा हसून तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

पद्मा मोठी झाली, परीक्षेच्या दिवसांत ती तो माग लावून झोपायची. भाऊजी वारले त्या दिवसांत तूही तो लावूनच झोपायचीस.

तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात ते मशीन मधेच बंद पडायला लागलं. तुझे हात थरथरायचे. तू मला फोन करायचीस, धाकट्या भावाला मारायची ती तेलुगू हाक मारून, "तम्मुडू, ये की रे. मला दिसतंय काय करायचं ते, फक्त हात तुझे पाहिजेत." मी म्हणायचो, रविवारी येतो. रविवार यायचे आणि जायचे. मी काय करत होतो अक्का? आठवायला गेलो तर एकही काम आठवत नाही. मी आलो असतो तर कुठली वायर कुठं जाते ते माझ्या हातांना तरी माहीत झालं असतं.

तुझ्यामागं मशीन बंदच पडून होतं. दोन महिन्यांपूर्वी पद्माचा फोन आला. "मामा, श्रावणात बाळ येईल. आईचं मशीन चालू करता येईल का? वर्षश्राद्धाला येईन तेव्हा घेऊन जाईन." मी म्हणालो, ते माझ्यावर सोड. खूप बरं वाटलं मला. तुझ्यासाठी करायचं राहिलेलं आता करता येईल असं वाटलं.

पुण्यात अशी जुनी वाद्यं दुरुस्त करणारा एक माणूस सापडला. मी स्वतः बसनं मशीन मांडीवर धरून नेलं. आठवड्यानं त्याचा फोन आला.

"काका, आत कुणीतरी बरंच काम केलेलं आहे. जादा वायरी आहेत, खटके आहेत. ते ठेवू का काढू?"

"काढा की. अगदी कंपनीतून आल्यासारखं करा."

तो म्हणाला, "एकदा विचार करा. हे मुद्दाम, विचार करून केलेलं दिसतंय. नुसतं बंद का पडतं तेवढंच बघितलं तरी चालू होईल."

आणि मी हसलो अक्का. हसून म्हणालो, "आमच्या बहिणीला सवय होती हो, काहीतरी उचकटत बसायची. काढून टाका सगळं."

हे वाक्य मी तुझ्याबद्दल बोललो. माझ्या डोक्यात होतं, मूळ वस्तू ती खरी, आणि तू केलेलं म्हणजे वर चढलेली धूळ. त्या मशीनला माग शिकवणारी तूच होतीस, ही गोष्ट शंभरदा ऐकून मला पाठ होती. पण तो माग त्याच वायरींत आहे हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. इतका मी अडाणी कसा राहिलो?

परवा वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर मी मशीन टेबलावर आणून ठेवलं. लाकूड चकचकीत, बटणं धुतलेली, मागची भोकं बुजवून रंग दिलेला. उस्मानभाई आले होते, ते पुढं सरकून बसले. पद्मानं पोटावर हात ठेवला आणि तू करायचीस तशी दोन बटणं एकदम दाबली. मग मागं हात घालून खटका शोधला. शोधतच राहिली.

मशीननं टणटणीत रुंबा वाजवला. लग्नात वाजतो तसा.

"मामा, मागचा खटका कुठाय?"

मला तेव्हा कळलं. उस्मानभाईंनी कान देऊन ऐकलं आणि हळूच म्हणाले, "ये तो दुकान का आवाज है. बाजी का नै." मग माझ्याकडं वळून विचारलं, "सिनू, निकालने से पैले उने तुमकू पूछा नै क्या?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "नाही. न विचारताच काढलं त्यानं."

तुझ्या फोटोसमोर, हार घातलेल्या फोटोसमोर म्हणालो.

पद्मा रडली नाही. तिनं मशीन बंद केलं. मोबाईल घेऊन त्या माणसाच्या दुकानाच्या नावाखाली इंटरनेटवर लिहिलं, की हा न विचारता लोकांच्या आठवणी उपटून टाकतो, याच्याकडं काही देऊ नका. मला वाचून दाखवलं, "बरोबर आहे ना मामा?" मी मान हलवली. मग आतल्या खोलीत जाऊन मी त्याला फोन केला. काढलेल्या वायरी कुठं आहेत विचारलं. तो म्हणाला, "काका, त्या टाकल्या. मी दोनदा विचारलं होतं तुम्हाला." त्याच्या आवाजात राग नव्हता. पद्मानं लिहिलेलं त्यानं अजून वाचलं नसावं.

काल मी पद्माला अक्कलकोट रोड एमआयडीसीत घेऊन गेलो. भाऊजींच्या जुन्या मालकाच्या शेडमध्ये धोट्याचे थोडे माग अजून चालतात. मला वाटलं, नक्कल गेली तर गेली, अस्सल आवाज तर आहे. तिनं मोबाईलवर भरून न्यावा. ती दारात उभी राहिली, टॉवेलांच्या ढिगाला टेकून डोळे मिटून ऐकत राहिली. मग कानांवर हात ठेवून बाहेर आली.

"हे फार जोरात आहे, मामा. आईचा माग हळू होता."

बाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही दोघंच होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. मी तिला उसाचा रस पाजला.

तुझ्यावर थोडा रागही आहे बरं का माझा. इतकं मोठं काम केलंस आणि त्याला काम कधी म्हणालीच नाहीस. "काही नाही रे, जरा खटपट केली," हेच तुझं बोलणं. ऑर्केस्ट्राच्या पत्रकावर तुझं नाव नाही, म्हणून तू कधी भांडली नाहीस. एकदा तरी मला दटावून सांगायचं होतंस, की सिनू, हे मी बनवलंय, याला हात लावायचा नाही. पण मी ऐकलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं.

इथपर्यंत लिहून उठलो आणि पद्माला फोन लावला.

"पद्मा, त्या माणसानं विचारलं होतं. दोनदा विचारलं. मीच काढ म्हणालो."

गाडीचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "मग परवा का नाही सांगितलंत?"

"उस्मानभाई होते, सगळे होते. लाज वाटली."

"आणि काल? काल तर आपण दोघंच होतो की."

मग ती म्हणाली, "आधी मी त्या माणसाबद्दल लिहिलेलं काढते," आणि फोन ठेवला. परत केला नाही.

मघाशी मोबाईलवर जाऊन बघितलं. जुनं काढून तिनं तिथं लिहिलंय, "माझी चूक झाली. यांनी विचारलं होतं. आमच्या घरच्यांनीच काढायला सांगितलं." माझं नाव तिनं लिहिलेलं नाही. 'घरच्यांनीच' एवढा एकच शब्द आहे, तो मी कितीतरी वेळ बघत बसलो. मला अजून घरातला धरलंय तिनं.

अक्का, येत्या सोमवारी मी पुण्याला जाईन. त्या माणसाच्या समोर उभा राहून माफी मागेन, आणि त्याला सांगेन की ते काम माझ्या बहिणीचं होतं, तिचं नाव विजया. ते विचार करून केलेलं होतं हे त्यानंच ओळखलं, मी ओळखलं नाही, हेही सांगेन. श्रावणात पद्मानं बोलावलं तर हैदराबादला जाईन. नाही बोलावलं तर रुसणार नाही, वाट बघेन. आणि पुढं ते बाळ कधी विचारील की आजीच्या मशीनमधला आवाज कुठं गेला, तर त्याला उत्तर मी देईन. दुसऱ्या कुणाचं नाव घेणार नाही.

तुझा तम्मुडू,
सिनू