काडी विझेपर्यंत

२२ ऑक्टोबर १९९६
या वर्षी आयुधपूजेला निळीला हार घातला तो बसण्णाने. मी गॅरेजच्या दारात खुर्चीवर, डावा पाय समोरच्या स्टुलावर, लग्नात एका कोपऱ्यात बसवून ठेवलेल्या आजोबांसारखा. चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बसण्णानेच गाडी पुढे घेतली. गाडी माझी, लिंबू माझं, चिरडलं दुसऱ्याने. राग आला. कुणाचा, ते कळलं नाही.

बसण्णाने निळीला पुन्हा सरळ केलंय. मार्चमधल्या शर्यतीत बांधाच्या वळणावर कोलांट्या खाल्लेली गाडी ती हीच, हे सांगूनही पटणार नाही. छप्पर नवं, आतला पाइपांचा पिंजरा नवा, दारं पहिल्यासारखी वेल्ड करून बंद. माझा गुडघा मात्र डॉक्टरांना तेवढा सरळ करता आला नाही. म्हणजे सरळ आहे, वाकत नाही, पंचाईत तीच. डॉक्टर म्हणाले, चालाल, जिने चढाल, ऑफिसला जाल. विचारलं, आणि शर्यत? त्यांनी पेनाला टोपण लावलं.

४ नोव्हेंबर
बसण्णाने क्लचवर लाकडी ठोकळा बसवला. आता गुडघा न वाकवता मांडीतूनच ढकलायचं. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत चकरा मारल्या. आधी भीत भीत, मग नाही. कित्येक महिन्यांनी असा घाम आला.

चालवता येतं. मला अजून चालवता येतं.

घरी येऊन शैलाला सांगितलं. ती शाळेचे पेपर तपासत होती. "बरं झालं," म्हणाली, आणि एकाच उत्तराला दोनदा मार्क दिले. मी दाखवलं तर खोडलं.

९ नोव्हेंबर
फॅक्टरीत दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट तपासायचे. हा पास, हा नापास, सही. अठरा वर्षं तेच. तक्रार नाही, त्यावर घर चाललंय. पण देवनहळ्ळीच्या पुढच्या त्या सुकलेल्या तळ्यात लाल धुरळ्यात गोल फिरताना माझा ग्रेड कुणी विचारत नाही. 'निळी आली' म्हणतात. एवढ्यासाठी माणूस मोडलेला पाय घेऊन परत जातो का? जातो, असं दिसतंय.

१७ नोव्हेंबर
हेब्बाळला मूर्ती सरांकडे. क्लबचे मुख्य पंच. मला गाडी चालवायला शिकवली तीही यांनीच. गुडघा दाबून पाहिला, क्लचच्या ठोकळ्याची हकिगत ऐकून हसले. म्हणाले, तू कसं चालवतोस ते मी बघणार नाही, ते मला माहीत आहे. काडी बघीन.

काडी. तीच तर भानगड आहे. आमच्यासोबत शर्यतीत उतरणाऱ्या फ्रेडीची गाडी पेटली, तो गेला, त्यानंतरचा नियम. पट्टे बांधून, हेल्मेट घालून आत बसायचं. मू. काडी ओढतात. ती जळत बोटांपर्यंत येते आणि ते टाकून देतात, त्याच्या आत खिडकीतून बाहेर येऊन दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. दारं बंद, दुसरी वाट नाही. एकदा कुणीतरी विचारलं होतं, सर, स्टॉपवॉच का नाही? मू. म्हणाले, घड्याळाला चटका बसत नाही.

आजवर कुणाला सूट दिली नाही त्यांनी. एका बड्या माणसाच्या पुतण्यालाही नवीकोरी गाडी घेऊन घरी जावं लागलं होतं.

२४ नोव्हेंबर
पहिला प्रयत्न. काडी बसण्णाने धरली. पट्टा सुटला, हात छपरावर, कंबर खिडकीत, इथवर झकास. मग डावा पाय स्टिअरिंगखाली अडकला. वाकल्याशिवाय तो निघत नाही आणि वाकत तर नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि काडी विझलेली.

बसण्णा भला माणूस. म्हणाला, काडी ओली होती. पुढचीही ओली निघाली. त्याच्या पुढचीही.

१ डिसेंबर
शै.ला शेवटी काडीचं सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. तिने डाळीला फोडणी दिली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "मी धरते."

फ्रेडीच्या दिवसापासून तिने तळ्यावर पाऊल टाकलेलं नाही. त्या दिवशी शर्यत बघायला बायकांच्या मांडवात ती फ्रेडीच्या बायकोशेजारी बसली होती. फ्रेडीच्या बायकोने तिचा हात धरलेला होता तो तसाच धरून ठेवला, सगळं होईपर्यंत. मी वाळूची बादली घेऊन पळत होतो. मू. माझ्या पुढे होते, जवळ तेच पोचले. फ्रेडी अर्धा बाहेर आला होता.

याच्यापुढे आजवर लिहिता आलेलं नाही. आजही नको.

१५ डिसेंबर
दर रविवारी बसण्णाकडे. शै. थर्मास आणि विणकाम घेऊन येते. आसपासची माणसं बघायला थांबतात. नवरा पुन्हा पुन्हा खिडकीतून बाहेर पडतोय आणि बायको काड्या ओढतेय. एका आजींनी बसण्णाला विचारलं म्हणे, यांना बाहेरचं काही झालंय का. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या अक्काला संशय आहे की मी सिगारेट सुरू केली. एवढ्या काडीपेट्या लागतात कशाला?

युक्ती सापडली. पँटला गुडघ्यापाशी एक जाड पट्टी शिवून घेतली. खिडकीत पाठमोरं बसायचं, पट्टी धरून स्वतःचाच पाय बाहेर ओढायचा, सामान ओढावं तसा. कळ मस्तकात जाते. पण निघतो.

२९ डिसेंबर
जवळ आलोय. तरी दर वेळी ती आधी विझते.

५ जानेवारी १९९७
आज हेल्मेट न घालता करून पाहिलं म्हणून नीट दिसलं. शै. काडी आडवी धरत नाही. पेटलेलं टोक खाली करते. ज्योत वर चढते, काडी झरझर संपते. मू. आडवी धरतात, हे तिला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

तिथे काही बोललो नाही. बसमध्येही नाही.

६ जानेवारी
बोललो. आवाज चढला. इतके रविवार मी स्वतःलाच शिव्या घालत होतो, गुडघ्याला बुक्क्या मारत होतो, आणि हिचा हात खाली!

ती शांतपणे म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही थकून सोडून द्याल."

मी म्हटलं, हे फसवणं झालं. ती म्हणाली, हो. सबब नाही, रडणं नाही. ताट ढकलून उठलो. लहान पोरासारखं वागलो, पण वागलो खरा.

१५ जानेवारी
काल संक्रांत. शेजारच्यांकडून एळ्ळु-बेल्ल आलं, आमच्याकडून तिळगूळ गेला. शै.ने माझ्याही हातावर ठेवला. नेहमीचं गोड बोलायचं वाक्य दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. नंतर तीच म्हणाली, "रविवारी आडवी धरीन."

मला तिचा धाक वाटतो कधी कधी. आणि तिच्यावाचून करमतही नाही. नऊ दिवस न बोलून पाहिलं.

२६ जानेवारी
आलो बाहेर! काडी आडवी, शै.च्या बोटात जळती, आणि माझे दोन्ही पाय बसण्णाच्या तेलकट जमिनीवर. बसण्णाने शिट्टी मारली. शै.ने काडी टाकली, बोट चोखलं आणि म्हणाली, चहा घ्या.

पुन्हा केलं तर नाही जमलं. त्यानंतर दिवसभर नाही. पण एकदा जमलं ते जमलंच ना.

९ फेब्रुवारी
दहा वेळा केलं तर दोन-तीनदा जमतं. बसण्णा म्हणतो, परीक्षेला एकदाच लागतं. शै. म्हणते, आगीलाही एकदाच.

१६ फेब्रुवारी
तळ्यावर परीक्षा. शै. आली नाही. मी आग्रहही केला नाही.

वारा होता. मू.नी वाऱ्याकडे पाठ केली, काडी ओढली, मान हलवली. पट्टा सुटला. हात वर. खिडकी. पाय अडकला. गुडघ्याची पट्टी पहिल्यांदा हातातून निसटली. गेलं, मला कळलं की गेलं. तरी ओढत राहिलो, सवयीने. खाली पडलो, पाठीवरच. उठलो तेव्हा मू. म्हणत होते, "सरी." पास. उजवा हात पँटच्या खिशात.

सगळ्यांनी पाठ थोपटली. बसण्णाला विचारलं, वेळेत? "स्वल्प..." थोडंसं, एवढंच म्हणाला आणि पाने-पकडी गोळा करायला लागला.

घरी सांगितलं पास झालो. शै.ने देवापुढे दिवा लावला. खुशीने की नाइलाजाने, ते मी पाहिलं नाही. मी खूश आहे. खूश असायला पाहिजे.

वारा असूनही काडी इतकी टिकली कशी?

१९ फेब्रुवारी
संध्याकाळी मू. घरी आले, स्वतः. शर्यतीचा नंबर द्यायला. हे काम ते कधी करत नाहीत, माणूस पाठवतात. निळीला तोच जुना नंबर मिळाला. शै.ने कॉफी आणली. मू.नी कप डाव्या हाताने घेतला. जुन्या वळणाचा माणूस, डाव्या हाताने पाणीसुद्धा पिणार नाही. शै. ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मग बिस्किटांची बशी तिने मुद्दाम त्यांच्या उजवीकडे धरली.

अंगठा आणि शेजारचं बोट. फोड फुटून सोललेलं.

ते गेल्यावर ती कपबशा विसळत राहिली. मी वाट बघत होतो. शेवटी पदराला हात पुसून समोर बसली.

"खरी आग लागली, तर तिला मूर्ती सर धरून ठेवणार आहेत का?"

 

२० फेब्रुवारी
फॅक्टरीतून अर्धी रजा टाकून हेब्बाळला. वाटभर संतापलो होतो. माझी कीव केली म्हणून. माझ्या हातून अठरा वर्षांत एक नापास पार्ट पास झालेला नाही, आणि मलाच...

मू. बागेत होते. मी हात बघायला मागितला. त्यांनी लपवला नाही. मी म्हटलं, सर, तुम्ही कुणाला सोडलं नाही, मला का?

त्यांनी पाण्याचा पाइप पुढच्या झाडाकडे वळवला. मग कन्नडमध्ये, हळू, म्हणाले, "तू अर्धा बाहेर आला होतास. अर्ध्या बाहेर आलेल्या माणसाला सोडून काडी टाकू कशी? मी एकदा बघितलाय, दिलीप."

माझा राग गेला. जाऊ नये असं वाटत होतं, पण गेला. त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो, पाय लांब करून. फ्रेडीबद्दल आम्ही दोघं आज पहिल्यांदा बोललो. मू. रडले. मीही.

निघताना म्हटलं, रविवारी शर्यतीआधी पुन्हा घ्या. ते म्हणाले, घेतो, पण काडी मी धरणार नाही. माझा हात आता खरा राहिला नाही.

बसण्णाला निरोप दिला, नंबर इतक्यात रंगवू नको.

२१ फेब्रुवारी
बसण्णाला विचारलं, तू धरशील? त्याने कानाला हात लावले. म्हणाला, दिलीपण्णा, माझ्या काड्या ओल्या असतात.

२२ फेब्रुवारी
शै.ला सांगितलं. मू. काय म्हणाले तेही, शब्द न शब्द. ती उठून खिडकीशी गेली. तिने फ्रेडीच्या बायकोचं नाव घेतलं, एकदाच. मग विचारलं, तळ्यावर बायकांसाठी मांडव अजून तिथेच घालतात का. मी म्हटलं, तिथेच.

"मी मांडवात नाही बसणार," म्हणाली. "गाडीपाशी उभी राहीन."

मला वाटतं, काडी धरशील का, असं मी तिला विचारलंच नव्हतं.

२३ फेब्रुवारी, सकाळ
बसण्णा निळीला टेंपोवर चढवून पुढे गेलाय. माझी पँट इस्त्री केलीय शै.ने, गुडघ्याची पट्टी दुहेरी टाके घालून पुन्हा शिवलीय. घट्ट. ओढून पाहिली, निसटणार नाही.

तिने स्वतः डबा भरला. लिंबाचा भात, दही. लांबच्या प्रवासाला निघावं तसा. केसांत अबोली माळलीय.

तिला आत्ता म्हटलं, नीट ऐक. टोक खाली करायचं नाही. आणि भाजलं की टाकायची, मूर्ती सरांसारखं धरून बसायचं नाही. जे होईल ते मला मान्य आहे. नापास झालो तर निळी विकून टाकू, पुन्हा नाव काढणार नाही. हे मी मनापासून म्हटलं. निदान म्हणताना तसंच वाटलं.

ती काडीपेटी हलवून बघत होती, कोरडी आहे ना म्हणून. म्हणाली, "गाडी तुमची आहे. हात माझा आहे."

काडीपेटी तिने पर्समध्ये टाकली. खाली रिक्षा आलीय, हॉर्न वाजवतेय. निघतो.