आठ वॅटचा गोडवा

प्रिय अण्णा,

पुण्याच्या दुकानदाराचा फोन आत्ताच ठेवला. आपटलाच म्हणा ना! "मॅडम, अँप्लिफायरमध्ये दोष नाही, तुमचे स्पीकर बदला," म्हणतो. असं सांगणारा हा तिसरा. त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. कारण चूक त्याची नाहीच, तुमची आहे.

जन्मभर येरमाळ्याच्या स्टँडसमोर लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेत, आणि दुकान बंद केल्यावर स्वतः बनवलंत काय, तर असे स्पीकर की ज्यांना कुठलाच अँप्लिफायर पुरत नाही! सागवानी पेट्या, चहूबाजूंनी बंद, एकेक उचलायला दोन माणसं. तुम्ही गेल्यावर आईबरोबर त्याही कळंबला माझ्या घरी आल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी मला कळायला सहा महिने आणि एक चुकीचा अँप्लिफायर लागला: दुसरे स्पीकर एका वॅटमध्ये जेवढं बोलतात, तेवढं बोलायला तुमच्यांना दहा लागतात. घरात एक हट्टी माणूस पुरेसा नव्हता का?

वर अट काय, तर जुन्या रेडिओसारखा, काचेच्या तापणाऱ्या व्हॉल्व्हचाच अँप्लिफायर हवा. नऊ वर्षं निवडत होतात, अण्णा. नऊ! माझं लग्न दोन रविवारांत ठरवलंत. वहीत ढीगभर अँप्लिफायरांची नावं, आणि बहुतेकांपुढं एकतर 'ताकद कमी' नाहीतर 'आवाज कोरडा'. शेवटी कुठला, ते एकाही पानावर नाही. चहा पिता पिता गेलात, सांगायला वेळ मिळाला नाही, मान्य. पण त्याआधी नऊ वर्षं होती ना?

मग मीच निवडला. वहीत एकाच नावाखाली दोन रेघा होत्या आणि पुढं लिहिलं होतं, 'गोडवा!' आठ वॅटचा, छोटासा, नारिंगी उजेडाचा. मागवला, लावला, आणि स्पीकर गोधडीखालून बोलावं तसे बोलायला लागले. चार ओहमच्या टर्मिनलला जोडून पाहिले, आठच्याला जोडून पाहिले. शेतांतले पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, म्हणून स्टॅबिलायझर आणला. आवाज वाढवला तर फाटायला लागला. सहा महिने वाचून, विचारून हे फळ! परवापर्यंत परत पाठवला तर दुकानदार घेईल, नाहीतर गळ्यात पडला.

तुम्ही येडेश्वरीच्या यात्रेत टेप केलेला गोंधळ काल दुपारी मी लावला. आई शेंगा फोडत बसली होती. कानाचं मशीन नेहमीसारखं डब्यात, शिट्टी वाजते म्हणे. पाच मिनिटांनी तिनं विचारलं, "लावलंस का न्हाय अजून?"

मला रडूच आलं. "आई, कधीचं वाजतंय!"

ती उठली, पेटीवर तळहात ठेवला. "न्हाय गं. ह्यांनी लावलं तवा हाताला कळत हुतं. संबळ तर कानाला बी आलं हुतं."

"अण्णांनी कधी लावलं?"

"तू हितं कळंबला हुतीस. मंडपवाल्याचं लाउडस्पीकरचं मशीन एक दिवस मागून आणलं हुतं. म्या म्हणले, असलंच घ्या की, लई झ्याक हाय. तर म्हणले, ह्याचा आवाज कोरडा हाय, पोरीला आवडायचा न्हाय. दिवाळीला असल्याच मशीनवर ऐकवलं तर कान दुखत्यात म्हणाली."

म्हणाले होते मी. आठवतंय. माझी तान्ही पोर रडत होती, माझं डोकं चढलं होतं, आणि तुम्ही हौसेनं काहीतरी लावलंत. "बंद करा ते अण्णा, कान दुखतात." एवढंच. त्या वेळी सनई लावली असती तरी दुखले असते!

त्या एका वाक्यापायी नऊ वर्षं?

आईला वरचे आवाज येत नाहीत, खालचे येतात. म्हणून तुम्ही पेट्या बंद केल्यात, घुमारा खोल नेलात, आणि सगळी ताकद त्यात खर्ची पडली. आज कळतंय मला, विज्ञानाच्या बाईंना! आईला जोर हवा, पोरीला गोडवा हवा, आणि तुम्ही दोन्ही एकाच डब्यात शोधत बसलात. मला एक फोन का नाही केलात? "सुमे, तुझे कान अजून दुखतात का गं?" एवढं विचारलं असतंत तर आईला इतकी वर्षं संबळ ऐकायला मिळालं असतं. तुमचा राग येतोय, आणि माझा त्याहून जास्त.

हा आठ वॅटवाला उद्याच परत जाईल. मोठा आणते. व्हॉल्व्हचाच आणते, तुमचा शब्द मोडत नाही. पण एकेका बाजूला चार-चार दांडगे व्हॉल्व्ह असलेला, उचलताना हमालाला घाम फुटेल असा. आवाज कसा आहे, हे दुकानदाराला विचारणार नाही, तुमच्या वहीला नाही आणि माझ्या कानांनाही नाही. आईचा हात पेटीवर ठेवीन, आणि ती "व्हय, आलं" म्हणेल तिथंच बटण थांबवीन. माझे कान दुखले तरी बंद करा म्हणणार नाही, अण्णा. शब्द देते.

तुमची,
सुमी