इस्त्रीवालीच्या चार ओळी आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, धंदा कविता, संपादन आणि न विचारता बोलणे, हे मृत्युपत्र माझ्या टेबलावर, माझ्या हाताने, डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले. मी पासष्टपर्यंत गेले आणि हे कशासाठी म्हणून विचारले, तर त्या म्हणाल्या, एवढे विचारता आहात म्हणजे पुरे.

माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. चाळिसाव्या वर्षी, रागाच्या भरात, मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सर्व काही एका मैत्रिणीला दिले होते आणि पुढच्याच वर्षी तिच्याशी कडाक्याचे भांडण झाले. ते मृत्युपत्र रद्द समजावे. भांडण मिटले आहे.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या व गच्चीकडचा जिना उघडतो ती अडगळीची जागा माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावी. ती वकील आहे आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. न्हाणीघराचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, उजवीकडे फिरवणाऱ्या प्लंबरला पुन्हा बोलावू नये. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे. माझी खोली 'जशी होती तशी' ठेवून तिथे माणसांना चपला काढून फिरवू नये. मी जिवंत असताना त्या खोलीत कोणी चपला काढल्या नाहीत.

कलम २. माझे एके काळचे यजमान. ते हयात नाहीत, त्यामुळे देण्याघेण्याचा प्रश्न नाही. एकोणतिसाव्या वर्षी मी एक पिशवी घेऊन त्यांच्या घरातून बाहेर पडले आणि परत गेले नाही. हे सांगताना माझा आवाज अजून चढतो. या कलमात देण्यासारखे काही नाही, पण पुढचे समजायला ते लागेल.

कलम ३. थोरला भाऊ. माझा पहिला संग्रह आला तेव्हा दादा घरी येऊन म्हणाला होता की तू घरातले चव्हाट्यावर आणलेस. नातेवाइकांच्या हाती पुस्तक लागू नये म्हणून त्याने दुकानातल्या सगळ्या प्रती गुपचूप विकत घेतल्या, दुकानदाराने आणखी मागवल्या त्याही घेतल्या. आवृत्ती चार महिन्यांत संपली. प्रकाशकाला वाटले, ही बाई खपते, आणि त्याने दुसरा संग्रह मागितला. माझी कारकीर्द अशी दादाने उभी केली. त्याला माझ्या समग्र कवितांची एक प्रत द्यावी. 'माझ्या सर्वांत मोठ्या ग्राहकास' असे लिहून सही करून ठेवली आहे. दादा, पोटमाळ्यावरच्या प्रतींना वाळवी लागली असेल तर कळव, असे मी दरवर्षी म्हणत आले. तुझा राग आता मला येत नाही.

कलम ४. सन्मानचिन्ह. ते पितळी असून जड आहे, सध्या दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वापरात आहे. ते समीक्षकबुवांना द्यावे. त्यांच्या संमेलनात बायकांचे कवितावाचन दरवर्षी जेवणाच्या सुट्टीत ठेवलेले असायचे, म्हणजे मंडपात आम्ही आणि रिकाम्या खुर्च्या. एका वर्षी मी आमच्या सगळ्यांना उठवले आणि थेट जेवणाच्या रांगेत नेले. तिथे आम्ही वाचले. हातात भरलेले ताट असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे मला त्या दिवशी कळले. बुवांनी डाळ वाढून घेतली होती आणि बावीस कविता होईपर्यंत ते एका जागी उभे होते. पुढल्या वर्षी आम्हाला सकाळची वेळ मिळाली. आता त्यांचेही वय झाले आहे, दार त्यांचेही आपटत असेल.

कलम ५. यंत्र व अवजारे. सायक्लोस्टाईल यंत्र आमच्यातल्या निवृत्त परिचारिकेला द्यावे. रूळ अडकला की कुठे थोपटायचे हे फक्त तिला माहीत आहे. या यंत्रावर आम्ही 'पाठकोरा' नावाचा अंक काढत असू. कचेऱ्यांतून एका बाजूने वापरलेले कागद मागून आणायचे आणि कोऱ्या बाजूला कविता छापायच्या. वाचणारीने पान उलटले की मागे कोणाचे तरी रजेचे अर्ज निघत. कवितेखाली नाव न छापता काम छापायचे, कारण बऱ्याचजणींच्या घरी कविता चालत नव्हती. परिचारिका, तिकीटवाली, शिक्षिका, इस्त्रीवाली. लाल पेने कोणालाही देऊ नयेत. बाजारात मिळतात, आणि न घेतलेली बरी.

कलम ६. बँकेत जे काही निघेल ते शनिवारच्या बैठकीला द्यावे. लाँड्रीच्या वरची ती खोली दर शनिवारी चार ते सात आमची असते. खालून वाफ आणि ओल्या सुताचा वास येतो. बैठकीचा नियम एकच: आपली कविता आपण वाचायची नाही, दुसरीने वाचायची. स्वतः वाचताना बाई मान खाली घालते, शब्द गिळते, मध्येच 'जमलं नाही' म्हणते. दुसरी वाचते तेव्हा लिहिणारीला ते प्रथमच नीट ऐकू येते. हा नियम मी केला आणि मला त्याचा अभिमान आहे. माझ्या पश्चात नियम बदलायचा असल्यास बदलावा, पण आधी वर्षभर पाळून बघावा.

कलम ७. माझ्या कवितांचे सर्व हक्क बैठकीकडे. अट एवढीच की मलपृष्ठावर 'कणखर तरीही हळवी' असे छापू नये. तीन प्रकाशकांनी छापले, तिघांशीही मी बोलणे टाकले होते.

कलम ८. हे कलम मी तीनदा लिहिले आहे. पहिल्या दोन खेपांना ते खोटे झाले.

एकतीस वर्षांपूर्वी खालच्या लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई वर आली आणि तिने एक कविता दिली. ती बाई तेव्हा एकतीस वर्षांची होती. कविता घर सोडण्याची होती आणि शेवटी म्हणत होती:

उंबऱ्याला मी विचारलं नाही.
किल्ली टेबलावर ठेवली
आणि निघाले.

तुम्हाला ती पाठ असेल. मोर्च्यात म्हणतात, भिंतींवर रंगवतात, मुली पिशव्यांवर भरतकामात काढतात. इस्त्रीवालीची कविता म्हणून ती माझ्या सगळ्या कवितांच्या पुढे निघून गेली, आणि ते बरोबरच झाले. मात्र ती तिथे संपत नव्हती. पुढे चार ओळी होत्या. मी त्यातली पहिली वाचली, 'संध्याकाळी परत आले', आणि लाल पेनाने चारही उडवल्या. तिला विचारले नाही. मी स्वतः परत गेले नव्हते, त्यामुळे दुसरी कोणी परत गेलेली मला सोसवत नव्हती. चळवळीला ते शोभणार नाही, असे मी मनाला सांगितले.

अंक छापून आला तेव्हा तिने उभ्याउभ्या वाचला आणि मला म्हणाली, "ताई, मी परत आले होते." मी तिला कविता कुठे थांबायला हवी यावर एक छोटे व्याख्यान दिले. तिने ऐकून घेतले. नंतर तिने एकही शनिवार चुकवला नाही. दुसऱ्यांच्या कविता तिच्याइतक्या चांगल्या कोणी वाचत नाही. स्वतःची मात्र तिने पुन्हा कधी दिली नाही. लोकांनी विचारले की मी सांगायची, एकच लिहिली पण अशी लिहिली. हे सांगताना मला लाज वाटायला हवी होती.

गेल्या वर्षी डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर मी कपाट आवरायला काढले. तिचा मूळ कागद सापडला. तेव्हा त्या चार ओळी मी शेवटपर्यंत वाचल्या:

संध्याकाळी परत आले.
सासूला उठवून बसवलं, तिचे केस विंचरले.
ती म्हणाली, उशीर केलास.
मी म्हटलं, आता रोज करणार.

जी ओळ मला शरणागती वाटली, तिच्या पुढे तीनच ओळींवर माझ्या सबंध संग्रहापेक्षा धीट बाई उभी होती. मी तिला खोडून पळपुटी केली होती. दर शनिवारी सातला उठून ती घरी जायची, उशिरा. ती काय करते आहे ते मला दिसत होते आणि समजत नव्हते.

म्हणून मी या कलमात लिहिले की सदर चार ओळी मी इस्त्रीवालीला देत आहे आणि माझ्या मृत्यूनंतर त्या छापाव्यात. प्रकाशकमहाशयांना फोन केला तर ते म्हणाले, लोकांच्या तोंडी बसलेली कविता लांबवता येत नाही, तुमचं वय झालंय, राहू द्या. मी फोन ठेवला. दबाव म्हणायचा तर एवढाच.

मग भाचीने इस्त्रीवालीला घरी बोलावले आणि मसुदा वाचून दाखवला. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"ताई, माझ्या ओळी तुम्ही मला कशा देणार?" ती म्हणाली. "आणि तुम्ही जाईपर्यंत मी थांबू? बासष्ट वर्षांची झाले मी."

मी भाचीकडे पाहिले. भाची म्हणाली, "मावशी, कायद्यानेसुद्धा ती म्हणते ते बरोबर आहे."

तिने मागितले ते साधे होते. शनिवारी ही कविता मी वाचायची, पूर्ण, आणि ओळी कोणी उडवल्या तेही सांगायचे. मेल्यानंतर माफी मागण्यात फार सोय असते, समोरच्याचे तोंड बघावे लागत नाही. ती सोय मी मृत्युपत्रात करून ठेवली होती आणि तिने ती एका प्रश्नात काढून घेतली. मी उद्या, परवा असे तीन आठवडे ढकलले. तिने आठवण करून दिली नाही.

परवा शनिवारी मी वाचले. सव्वीसजणी होत्या. आधी सांगितले, मग वाचले. माझा आवाज पहिल्या कडव्यात कापत होता, शेवटच्या चार ओळींत नाही. एक तरुण शिक्षिका, जिने ही कविता शाळेच्या भिंतीवर रंगवून घेताना मुख्याध्यापकांच्या नाकी नऊ आणले होते, ती रडवेली होऊन म्हणाली, "मग इतकी वर्षं आम्ही काय म्हणत होतो?"

इस्त्रीवाली तिला म्हणाली, "निघाले ते खरंच होतं. फक्त तिथे संपलं नव्हतं."

नंतर कोणीतरी तिला विचारले की आता पुन्हा लिहाल ना. ती म्हणाली, "लिहीत होतेच की. इथे दिलं नाही." पाच वह्या आहेत. मी, सवयीने, बघायला मागितल्या. ती म्हणाली, "छापून झाल्यावर."

तेव्हा या कलमान्वये मी कोणालाही काही देत नाही. जे द्यायचे होते ते माझे नव्हते आणि ते परत झाले आहे. मी चाळीस वर्षे बायकांना बोला म्हणत आले, आणि माझ्या कानाशी बसलेल्या एकीला गप्प केले. हे माझ्या चरित्रात लिहावे, टीप म्हणून नव्हे, मजकुरात. बाकीच्या कामाबद्दल मला खंत नाही. बावीस कविता आणि डाळीचे ताट यांच्यासह ते पुन्हा करायला मी तयार आहे.

कलम ९. त्या वह्या माझ्या हयातीत छापल्या गेल्या तर उत्तम. नसल्यास बैठकीतल्या कोणीही, नुसती एक नजर टाकते म्हणूनसुद्धा, त्या मागू नयेत.

कलम १०. भाचीच्या मते ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. इस्त्रीवालीला यातून काहीही मिळत नसल्याने ती साक्षीदार होऊ शकते, आणि मी तिला तशी विनंती केली. सही करण्यापूर्वी तिने हे सर्व वाचावे आणि नको वाटतील त्या ओळी, कितीही असोत, मला न विचारता उडवाव्यात.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर त्यावर सही केली आहे.

स्थळ: माझे घर, पुढची खोली
दिनांक: १६ मार्च २०२६, सोमवार

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार १, डॉक्टर: सदर बाई शुद्धीवर असून त्यांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २, इस्त्रीवाली: ताईंनी माझ्यासमोर सही केली. मी सगळं वाचलं. लांबलंय. तरी काही कापलेलं नाही. (सही)