घरच्या लिंबाचं दार

सोमवार, ३ मार्च २०२५

परत पाठवला! अख्खा बुंधा टेम्पोत घालून नेला आणि अख्खा परत आणला. राधाकृष्णच्या सॉ मिलवर पहिल्याच कापाला करवतीच्या पट्ट्याचे दाते उडाले. आधी ठिणगी, मग तो कर्कश आवाज. राधाकृष्णनं मशीन बंद केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच रात्री बसून आत खिळे ठोकले होते. "मिस्त्री, दारातलं झाड हाय हे आधी सांगायचं न्हाई व्हय? दारातल्या झाडात लोखंड असतंच. रानातलं आना, दोन मिंटात कापून देतो." खरं आहे त्याचं. सुतारकीत जन्म गेला माझा, मला एवढं कळायला हवं होतं. पण गेला आठवडाभर डोकं ठिकाणावर नाही.

जॉन पुन्हा निघून गेला होता. हायवेवर सापडला, मिरजगावच्या पुढं, भर रस्त्यातून चालत. एका टेम्पोवाल्यानं ओळखलं म्हणून घरी आणून सोडला. "आज ट्रकखालीच गेला असता," म्हणाला. माझा धाकटा भाऊ, पन्नाशीला आला. अठराव्या वर्षापासून हे असं आहे. नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्या पोटात गेल्या तर बरा राहतो. पण गोळी जिभेखाली धरतो आणि मागं जाऊन थुंकतो. कुठवर पाळत ठेवायची?

म्हणून हे दार. मागच्या खोलीला आजवर नुसता पडदा होता. आई म्हणाली, "जाड दार कर, न् कडी भायेरनं लाव."   माझ्या बायकोला, आराधनाला, हे नको आहे आणि मलाही. पण आम्ही दोघंही थकलोय.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. चर्चला गेलो नाही, अंग मोडून आलंय. जॉन मात्र आईचा हात धरून गेला आणि कपाळावर राख लावून शहाण्यासारखा परत आला. येताना तिच्या चपला तुटल्या तर आपल्या काढून दिल्या. असा दिवस उजाडला की वाटतं, कसलं दार न् कसलं काय!

शनिवार, ८ मार्च

शेवटी हातानंच कापायला घेतला. पंचावन्नाव्या वर्षी! आराधना दुसऱ्या टोकाला धरते, मध्येच कमरेवर हात ठेवून थांबते. "अहो, बाजारातून तयार दार आणा की." बाजारातलं दार जॉन दोन लाथांत मोडेल. हा कडुलिंब गेल्या वर्षी वाळला म्हणून पाडला, तेव्हापासून अंगणात पडून आहे. चांगला सुकलाय. वाळवी लागायची नाही. एवढं लाकूड दारात असताना दुसरं कुठून आणू?

जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आणि कापायच्या आधी बुंध्यावरून फिरवत गेलो. जिथं ओढ लागेल तिथं खडूची खूण, मग पटाशीनं खोदायचं, पकडीनं उपटायचं. फार आतलं चुंबकालाही कळत नाही, ते करवतीलाच सापडतं. कपडे वाळत घालायच्या तारेचे खिळे निघाले, तार निघाली, एक कंदिलाचा आकडा निघाला. वरच्या अंगाला तर खिळ्यांची रांगच! ते नाताळच्या चांदणीचे. बाबा दर वर्षी नवा खिळा ठोकायचे. मागच्या वर्षीचाच का वापरत नाही, असं विचारलं की म्हणायचे, "झाडानं गिळला." मला वाटायचं चेष्टा करतात. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड शाईसारखं काळं पडलंय. रंध्यानंही जात नाही. बाबा आज असते तर दोन शिव्या घातल्या असत्या त्यांना, आणि मग दोघं हसलो असतो.

रविवार, ९ मार्च

आई: "झालं का दार?" रोज हाच प्रश्न.

मंगळवार, ११ मार्च

आज खिळा नाही. साखळी!

बुंध्याच्या खालच्या अंगाला, झाड उभं असताना माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. करवत अडली म्हणून पटाशी घातली, वाटलं असेल एखादा खुंटा. खोदत गेलो तर कडीत कडी, आत आतच चाललेली. बुंध्याला वेढा देऊन बांधली असणार आणि झाड तिच्यावरून वाढत गेलं. दुपारभर खोदून वीतभर तुकडा निघाला. बोटाएवढ्या जाडीच्या कड्या. किती जुनी, सांगता येत नाही. लिंबाची वर्षं काही नीट मोजता येत नाहीत.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. तिला दाखवली. "म्हशीची आसंल," म्हणाली. मान वर केली नाही, पण सुपातला हात थांबला.

आमच्याकडे म्हैस कधीच नव्हती. शेळ्या होत्या. शेळीला असली साखळी कोण बांधतं?

गुरुवार, १३ मार्च

होळी. गावातली पोरं लाकडं मागायला आली, ढलप्या आणि कापलेले तुकडे दिले. नाही दिले तर फळ्याच उचलून नेतील, काही भरवसा नाही त्यांचा.

शेजारच्या बनुबाई पुरणपोळी घेऊन आल्या. आईच्याच वयाच्या, जन्मभर भिंतीला भिंत. शेडमध्ये डोकावल्या आणि साखळीकडे बघून एकदम म्हणाल्या, "आगं बया! आजून हाय व्हय ही!" आणि लगेच तोंडावर पदर.

"कुणाला बांधत होते, मावशी?"

"मला नगं इचारू इस्टिफन. आईला इचार." ताट तसंच माझ्या हातात देऊन गेल्या.

जनावर असतं तर तोंडावर पदर गेला नसता. माणूस होतं! आणि आमच्या घरात बांधण्यासारखं माणूस एकच.

पंचविशीत मी कोपरगावला शुगर फॅक्टरीत सुतारकाम करायचो. जॉनचं तेव्हाच सुरू झालं. दिवाळीला, नाताळला घरी यायचो तर तो कोपऱ्यात बसलेला. आई सांगायची, बरा आहे. मी पुन्हा गाडीत बसलो की त्याला झाडाशी नेत असतील. बाबांनी बांधली असेल, पण आईला बघत कसं राहवलं? आणि आज तीच रोज विचारते, झालं का दार!

शुक्रवार, १४ मार्च

आईशी बोललो नाही. जेवताना म्हणाली, "भाजी खारट झाली का?" नाही म्हणालो आणि उठलो.

मागून आराधना आली. "अहो, त्या म्हाताऱ्या बाईवर राग काढून काय होणार आहे? आणि आपण तरी काय वेगळं करतोय? साखळी नाही, फळ्या!" मला राग आला. तिच्यावर नाही, ते खरं होतं म्हणून. फळ्या तर रंधून तयार आहेत. दोन दिवसांत दार उभं राहील.

सोमवार, १७ मार्च

जॉन शेडमध्ये आला. साखळीचा तुकडा उचलला, हातात झुलवला.  म्हणाला, "दादा, ही सायकलची का?" मी म्हटलं, नाही. "मग ट्रॅक्टरची," म्हणाला, ठेवून दिली आणि भुसा गोळा करायला बसला. चेहऱ्यावर काही नाही. भीती नाही, राग नाही, काहीच नाही. साधा रंधा सुरू केला तरी कानावर हात ठेवणारा माणूस! ज्याच्या पायात ती होती त्याला ती इतकी अनोळखी कशी?

काही कळेनासं झालंय. दार तसंच पडून आहे.

बुधवार, १९ मार्च

आज विचारलंच. जॉन आराधनाबरोबर किराणा आणायला गेला होता. आई उन्हात पाय शेकत बसली होती.

"जॉनला बांधायचीस?"

तिनं वर पाहिलं. मग म्हणाली, "जॉन पाळन्यात हुता रे तवा. मला बांदलं हुतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ती बोलत राहिली, स्वतःशीच बोलावं तशी. जॉन झाला आणि तिचं डोकं फिरलं. झोप गेली, अन्न गेलं. "पोर माझं न्हाईच आसं वाटायचं. कुनीतरी बदललं आसं. दोनदा इहिरीवर गेले. दुसऱ्या टायमाला त्याला घिऊन गेले." बनुबाईंनी पाहिलं, आरडाओरडा केला, माणसं धावली. त्या दिवशी बाबांनी बाजारातून साखळी आणली. पावसाळाभर ती त्या लिंबाखाली होती. मग हळूहळू उतरलं. बाबांनी साखळी सोडवायला घेतली तर मागच्या बाजूचा वेढा ओढून ओढून सालीत रुतलेला. पुढची तोडली, मागची तशीच राहिली.

"तुला त्याच्यासाटीच नगरला बोर्डिंगला धाडलं. तू बघू नये म्हनून."

मी दुसरीत होतो. वर्षाच्या मध्येच पत्र्याची पेटी भरून मला एसटीत बसवलं. मला आजवर वाटत होतं, मी फार मस्ती करायचो म्हणून पाठवलं. सुट्टीत आलो तर आई चुलीशी भाकरी थापत होती, नेहमीसारखी. पायावर पट्टी होती. म्हणाली, काटा लागला.

मला बाबांचा भयंकर राग आला. बोलूनही गेलो की बाबांनी असं करायला नको होतं. तर आईच माझ्यावर उसळली! "मंग काय करायचं हुतं त्यांनी? आं? बांदली म्हनून जगले. जॉनबी जगला." मग आवाज खाली आला. "साखळीचं मला काय न्हाई रे. पन बांदून समदी आपापल्या कामाला जायची. पोरंबाळं लांबनं बघायची. बनी तेवढी भाकर ठिवायची, तीबी भिऊन लांबच बसायची. जवळ कुनी बसलं न्हाई. तेवढंच."

मी तिचे पाय दाबत बसलो. दुसरं काय करणार? किती वर्षं राग धरायला माणूस शोधत होतो आणि आता एकही उरला नाही.

शनिवार, २२ मार्च

सकाळी जॉन पुन्हा गेला. हायवेवर नाही पोचला, स्टँडवरच सापडला, एसटीच्या चाकाशी बसलेला. ड्रायव्हरनं गाडी सुरू करून ठेवली होती! हाताला धरून घरी आणला.

दुपारी दार बसवलं. जड झालंय, बिजागऱ्या तीन लावाव्या लागल्या. काळे डाग तसेच दिसतात. कडी हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहिलो. बाहेरून लावली तर मी बाबांच्या जागी. नाही लावली तर एक दिवस टेम्पोवाला त्याला चादरीत घालून आणेल. आराधना चहा ठेवून गेली, तो गार झाला. कडी न लावताच उठलो.

रविवार, २३ मार्च

चर्चहून आल्यावर आईनं आपली वाकळ आणि पाण्याचा तांब्या मागच्या खोलीत नेला, जॉनच्या खाटेशेजारी अंथरलं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, खाली जमिनीवर. मी दारात उभा होतो.

"लाव कडी भायेरनं," म्हणाली. "मी हाय आत."

लावली.