पोवळ्यांचं पाणी

राहाता,
२ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून रामच्या दुधाच्या टेम्पोतून पत्र पाठवते आहे. मत्स्यालयाच्या टाकीतली माझी पोवळी मरायला लागली आहेत.

गेल्या गुरुवारी तुम्ही पाहिलीत तेव्हा कशी फुलली होती! अंगठीतलं पोवळं कधी हललं नाही, हे तर डोलतंय, अशी तुम्ही चेष्टाही केलीत. शुक्रवारी संध्याकाळी ती मिटली आणि काल टोकं पांढरी पडली. आठ वर्षं चेन्नईत आणि सिंगापुरात दुसऱ्यांच्या मत्स्यालयांत राबले, ते आपल्याकडच्या पोरांना एक दिवस समुद्राचा तळ दाखवीन म्हणून. पंधरा तारखेला उद्घाटन आहे आणि टाकी डोळ्यांदेखत चालली आहे.

चाचणीत पाण्यात तांबं निघालं. मासे एकवेळ तग धरतात, पोवळ्यांना ते विषच. पाणी बदललं तरी आकडा पुन्हा चढतो. नळजोडणी वैजनाथनं केली आहे. पितळेत तांबं असतं, पितळी जोड बसवू नकोस, असं बजावूनही त्यानं कुठेतरी बसवला असणार. तो शपथेवर नाही म्हणतो. मी साहेबांना त्याचं नाव सांगितलं, गुरुवारी त्याला कामावरून काढणार आहेत. पाथर्डीकडचा पोरगा, आईबाप ऊसतोडीला जातात. वाईट वाटतं, पण काय करू?

गुडघ्याला तेल लावत जा. आशीर्वाद पाठीशी असू द्यावा.

तुमची,
पंकजा

पुणतांबा,
३ फेब्रुवारी

चि. पंकजास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पावलं. गहू ओंब्यांवर हाय, गुडगा बरा हाय.

येक इचारतो. तांबं किती लागतं गं? टाकी तर केवढी थोरली. समज, येखादी बारकी वस्तू पडली, तर तेवढ्यानं काय व्हतंय का? त्या वैजनाथाला घाईनं काढू नगा. टेम्पो माघारी यील त्यात उत्तर धाड.

तुजा,
आण्णा

राहाता,
३ फेब्रुवारी, दुपार

तीर्थरूप आण्णांना,
सा. न.

थोडंसंही पुरतं. खाऱ्या पाण्यात तांबं झिजत राहतं.

तुम्ही हे का विचारलंत? टाकीच्या मागच्या बाजूला बाहेरच्या माणसाला सक्त मनाई आहे. मी तुम्हाला मागच्या दारानं नेलं, हे इथे कुणालाही माहीत नाही. आण्णा, मला खरं सांगा. मला राग येतोय आणि भीतीही वाटतेय.

पंकजा

पुणतांबा,
४ फेब्रुवारी

चि. पंकजास,
अ. आ.

तू फोन घ्यायला भाईर गेलीस तवा मी देवघरातले तांब्याचे पाच पैसे दगडांमागं सोडले. थोरलं पानी दिसलं की आपन पैसा वाहतो. तू चेन्नईला निघालीस तवा तुज्या आईनं घाटावर गोदामाईला वाहिला हुता. आता ती न्हाई, म्हनून मी वाहिला. तुज्या कामाला यश यावं म्हनून गं. माज्याच हातानं समदा इस्कोट झाला.

तुजं पयलं पत्र वाचलं तवाच उमगलं हुतं, पर लिवायचा धीर झाला न्हाई. बोलावं तर तुजी नोकरी, गप बसावं तर त्या पोराची. उद्या टेम्पोत बसून मीच येतो आन् सायबाला सांगतो. पर त्याच्या आधी तू सांगितलंस तर मला लई बरं वाटंल. माज्यापायी कुनाच्या पोटावर पाय देऊ नगंस.

माया पातळ करू नगंस.

तुजा,
आण्णा

राहाता,
७ फेब्रुवारी

तीर्थरूप आण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला आणू नको असं रामला मीच सांगितलं होतं, रागावू नका. तोंड मीच उघडायला हवं होतं.

पत्र मिळताच खांद्यापर्यंत हात घालून पाचही पैसे काढले, ते घेऊन साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. वैजनाथ कामावर राहिला. टाकीची जबाबदारी माझ्याकडून काढून घेतली. तीन महिने मी दुसऱ्यांच्या हाताखाली काम करायचं, मग बघू म्हणाले. तीसपैकी अकरा पोवळी गेली. उरलेली स्वच्छ पाण्याच्या टाकीत हलवलीत, काल त्यातली दोन जराशी उघडली. मी तिथेच बसून रडले.

ती हलवायला दोन दिवस माझ्याबरोबर वैजनाथच होता. मी त्याची माफी मागितली. त्यानं हातातली नळी धुऊन ठेवली. मग म्हणाला, "ताई, पान्याची चाचणी तुमी धा येळा केली. मला येकदाच इचारलं, आन् तेबी खोटं धरून."

पंधरा तारखेला या. पुढच्या दारानं, तिकीट काढून, रिकाम्या खिशानं. पोवळी मागाहून बघू. आधी मी तुम्हाला वैजनाथकडे नेणार आहे.

रागावलात तरी लेक म्हणून जवळ धरा.

तुमची,
पंकजा